सभाधीटपणाची घडण

दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो, अशा आशयाचे एक जुने सुभाषित आपल्याकडे प्रसिद्ध आहे. ते ऐकत आलेल्या पालकांनी आपल्या पाल्याविषयीचा निकाल बहुधा आधीच देऊन टाकलेला असतो. "मुलगा हुशार आहे, पण चारचौघांत तोंड उघडत नाही; स्वभावच तसा आहे," असे म्हटले की विषय संपतो. इतिहास मात्र या समजुतीला फारसा दुजोरा देत नाही. तो तपासण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या नगरीत आपण राहतो त्या नागपूरच्या सभांनी याविषयी पुष्कळ पाहिले आहे.

१९२० च्या डिसेंबर महिन्यात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन नागपुरात भरले. अध्यक्षस्थानी विजयराघवाचार्य होते, तर स्वागताध्यक्षपदाची धुरा जमनालाल बजाज यांनी सांभाळली होती. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते. ध्वनिक्षेपकाची सोय नसलेल्या त्या काळात एवढ्या जनसमुदायापुढे महात्मा गांधींनी असहकाराचा कार्यक्रम मांडला आणि सभेने तो स्वीकारला. काँग्रेसनगर या वस्तीच्या नावात त्या अधिवेशनाची खूण आजही टिकून आहे.

या सभेला वळण देणाऱ्या पुरुषाचे पूर्वायुष्य आठवले म्हणजे आश्चर्य वाटते. १८८८ साली विलायतेस निघण्यापूर्वी राजकोटच्या शाळेत त्यांना निरोप देण्यात आला. आभाराचे चार शब्द त्यांनी लिहून नेले होते; तेही धड बोलता आले नाहीत, अंग थरथरू लागले. पुढे इंग्लंडमध्ये व्हेंटनर येथे शाकाहारी मंडळींच्या सभेत ते लिहिलेले भाषण वाचावयास उभे राहिले. मजकूर जेमतेम एका पानाचा, पण डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते भाषण सोबतच्या गृहस्थांना वाचून दाखवावे लागले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहताच त्यांना प्रश्न सुचेना. ते खाली बसले व पक्षकाराला फी परत केली. हे सारे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात निःसंकोचपणे नमूद केले आहे.

मग हा बदल कोठे घडला? त्याचे उत्तरही त्याच आत्मचरित्रात सापडते. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे त्यांनी हिंदी व्यापाऱ्यांची एक बैठक एका शेठजींच्या घरी बोलावली. विषय होता, व्यापारात सचोटी कशी पाळावी. आपल्या समाजातील वाचकांना या विषयाची गोडी विशेष वाटेल! हे आपले पहिले सार्वजनिक भाषण म्हणता येईल, असे गांधीजी सांगतात. श्रोते थोडे व आपल्याच देशाचे होते. विषयाची तयारी होती आणि मुख्य म्हणजे त्यावर मनापासून सांगण्याजोगे काही होते. त्या बैठका पुढे बहुधा आठवड्याला एक याप्रमाणे भरत राहिल्या. राजकोट, व्हेंटनर आणि मुंबई येथे जे साधले नाही, ते या लहानशा, वारंवार भरणाऱ्या बैठकीत साधले. सत्तावीस वर्षांनंतरच्या नागपूरच्या विराट सभेचा पाया अशा एका दिवाणखान्यात घातला गेला होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

हीच रीत आपल्या महाराष्ट्रात त्याच्याही बऱ्याच आधी रुजली होती. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली एक सभा स्थापन केली. तरुणांनी एखाद्या विषयावर निबंध लिहावा, तो मित्रांपुढे वाचावा व त्यावर चर्चा व्हावी, असा तिचा क्रम होता. तिच्या मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते, तर गुजराती शाखेच्या उभारणीत दादाभाई नौरोजी होते. या मंडळींनी पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा काढल्या आणि प्रारंभी स्वतः विनावेतन शिकविले. निबंध वाचता वाचता कृतीकडे वळलेले हे तरुण पाहिले म्हणजे अशा सभांचे फळ केवळ टाळ्यांपुरते नव्हते, हे ध्यानात येते. दादाभाई तर १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेले.

१८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वक्तृत्वोत्तेजक सभा स्थापन झाली. वसंत व्याख्यानमाला ही तिचीच. नावातील 'उत्तेजक' हा शब्द मला फार बोलका वाटतो. वक्तृत्व शिकवता येते असा दावा त्यात नाही. त्याला उत्तेजन देता येते, एवढाच विश्वास आहे.

हा विश्वास रानडे यांनी स्वतःच्या घरातही आचरणात आणला. विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या रमाबाईंचे पहिले जाहीर भाषण नाशिकच्या शाळेत झाले. ते भाषण रानडे यांनी लिहून दिले होते. आजकाल स्पर्धेसाठी मुलांना पालक किंवा शिक्षक भाषण लिहून देतात, याबद्दल बरीच टीका होते, आणि ती बहुतांशी योग्यच आहे. तथापि रमाबाईंचे उदाहरण पाहता उसन्या शब्दांनी आरंभ करण्यात दोष नाही, असे वाटते. दोष तेथेच थांबण्यात आहे. रमाबाई थांबल्या नाहीत. १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाच्या उभारणीत त्या अग्रभागी होत्या आणि १९१० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

याच्या उलट आनंदीबाई जोशी यांचे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात सतरा वर्षांची ही मराठी मुलगी भरसभेत इंग्रजीतून बोलली. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस का जाते, हा विषय होता. लोक जे प्रश्न एरवी टोचून विचारीत, तेच तिने स्वतः मांडले व एकेकाचे उत्तर दिले. तिच्यापाशी अलंकारिक भाषा होती की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. तिच्यापाशी उत्तर होते.

आपल्या समाजाच्या इतिहासातही असेच एक उदाहरण आहे. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराज यांना आले होते. साधूंच्या आचारामुळे त्यांना समुद्रपर्यटन शक्य नव्हते. त्यांच्या वतीने वीरचंद राघवजी गांधी गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते. आचार्यांचे ज्ञान व तरुणाची वाणी यांचा तो संयोग होता. ज्येष्ठांनी स्वतःचे व्यासपीठ तरुणाच्या हाती विश्वासाने सोपविले, ही गोष्ट मला भाषणाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता पुन्हा नागपूरकडे वळू. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनापूर्वी काही महिने, १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस, अस्पृश्य समाजाची अखिल भारतीय परिषद राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरली. एकोणतीस वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले व परिषदेवर त्यांनी आपला ठसा उमटविला. त्या श्रोत्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, चारच वर्षांपूर्वी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका लहान चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला होता? येथेही आधी लेखन, मग थोड्या जाणकारांपुढे वाचन आणि त्यानंतर परिषद, असाच क्रम दिसतो.

पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या व हजारो स्त्रिया उपस्थित होत्या. ज्यांच्या आया-आज्यांना शाळेचा उंबरठाही ओलांडता आला नव्हता, त्या स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या. याच शहरात जाईबाई चौधरी यांनी उपेक्षित समाजातील मुलींसाठी शाळा चालविली होती. ज्या मुलींना वर्गात उत्तर देण्याची सवय लागते, त्यांनाच सभेत ठराव मांडण्याचे धैर्य येते.

वक्त्यांच्या या इतिहासात श्रोत्यांचे एक अप्रिय प्रकरणही आहे आणि तेही नागपूरचेच. १९२० च्या त्याच अधिवेशनात बॅरिस्टर जिना विरोधी मत मांडावयास उभे राहिले. त्यांनी गांधीजींचा उल्लेख 'महात्मा' असा न करता 'मिस्टर' असा केला, म्हणून समुदायाने आरडाओरड करून त्यांना बोलू देण्यात अडथळा आणला. त्यानंतर ते काँग्रेसपासून दूर झाले. त्यांच्या पुढील राजकारणाचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. पण पटत नसलेले मत शेवटपर्यंत ऐकून घेण्याची तालीम त्या मंडपात कमी पडली, एवढे खरे. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या आपणास हे अधिकच बोचावे. मुलांना बोलावयास शिकविणारी शिबिरे हल्ली पुष्कळ निघतात. दुसऱ्या मुलाचे भाषण ऐकून त्यातील एक मुद्दा त्याच्याच शब्दांत सांग, असे शिकविणारे शिबिर माझ्या पाहण्यात आलेले नाही.

प्राचार्य राम शेवाळकर यांची व्याख्याने ज्यांनी ऐकली, त्यांना उत्तम श्रोतेपणाचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. अचलपुरात जन्मलेले, वणीच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले व १९९४ च्या पणजी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले शेवाळकर २००९ साली नागपुरात निवर्तले. महाभारतावर ते बोलत तेव्हा श्रोत्यांत शाळकरी मुलेही असत.

आज शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धा होतात. विषय महिनाभर आधी जाहीर होतो, भाषण पाठ केले जाते, घंटा वाजते, तिघांना पारितोषिके मिळतात. उरलेली मुले घरी जातात व त्यांतील काही जण पुन्हा कधी उभी राहत नाहीत. स्पर्धा बंद करा, असे माझे म्हणणे नाही. परंतु वर्षातून एकदा होणारी स्पर्धा प्रिटोरियाच्या साप्ताहिक बैठकीची जागा घेऊ शकत नाही. आपल्या पाठशाळांचे वर्ग आठवड्याला भरतातच. त्यात दहा मिनिटे राखून ठेवावीत. एका मुलाने आधी वाचावे, पुढील खेपेस टिपण हाती घेऊन बोलावे, त्यानंतर टिपणाशिवाय. अडखळला तर कोणी हसू नये, आणि शब्द सुचविण्याची घाई मोठ्यांनी करू नये. या दहा मिनिटांसाठी ना सभागृह लागते, ना ध्वनिक्षेपक, ना पारितोषिक.