मोटारींचे कारखानदार शर्यतीला का येतात?

या व्याख्यानमालेत लोणारकरांनी इतिहास ऐकला आहे तो बहुधा राजांचा, संतांचा, आणि फार तर आपल्या सरोवराचा. मोटारींच्या शर्यतीलाही इतिहास असतो आणि तो कामगार चळवळीतल्या माणसाने सांगावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेल्यापासून मेहकर-लोणार भागातील तरुण मंडळी आम्हांला एकच प्रश्न फिरून फिरून विचारतात. जगातले मोठे कारखानदार ज्या रॅलीत गाड्या उतरवितात तशी रॅली आपल्याकडे का होत नाही, आणि झाली तर गॅरेजवाल्याच्या, ढाबेवाल्याच्या हाती चार पैसे पडतील की नाही? प्रश्न पोटाचा आहे. तेव्हा त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे. (सरोवराच्या काठाने गाड्या पळवाव्यात असे कोणाच्या मनात असेल तर त्याने ते आजच काढून टाकावे. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र आहे.)

रॅली म्हणजे गोल मैदानावरची शर्यत नव्हे. ती लोकांच्या रोजच्या वापरातील रस्त्यांवर होते. काही टप्पे बंद करून तेथे घड्याळ लावतात, गाड्या एकेक करून सोडतात, आणि चालकाशेजारी बसलेला सोबती वळणांची टिपणे त्याला वाचून दाखवितो. डॉक्टरला, दूधवाल्याला ज्या रस्त्याने जावे लागते त्याच रस्त्यावर आपली गाडी टिकली, हे कारखानदाराला गिऱ्हाइकास दाखविता येते. त्याचे सारे स्वारस्य एवढ्यातच आहे.

महाराष्ट्रात अशा कारखानदारांचा मोठा जथा उतरला तो १९६८ साली. त्या वर्षीच्या २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ मोटारी सिडनीकडे निघाल्या. त्यामागे लंडनचे 'डेली एक्स्प्रेस' आणि सिडनीचे 'डेली टेलिग्राफ' ही वर्तमानपत्रे होती. पहिले बक्षीस दहा हजार पौंडांचे. आदल्या वर्षी ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले होते, देशाचे मन खचले होते, आणि ब्रिटिश मोटार परदेशांत खपली पाहिजे ही निकड होती. फोर्ड, ब्रिटिश लेलँड, हिलमन बनविणारी रूट्स कंपनी, फ्रान्सची सित्रोएन अशी मंडळी उतरली. रशियाच्या सरकारी कारखान्याने चार मॉस्क्विच पाठविल्या, आणि त्या चारही शेवटपर्यंत पोहोचल्या. समाजवादी कारखान्यालाही गिऱ्हाईक लागतेच!

तेहरान, काबूल, दिल्ली असा मार्ग कापून गाड्या मुंबईस आल्या तेव्हा फोर्ड कॉर्टिना चालविणारा रॉजर क्लार्क आघाडीवर होता. येथे ७२ गाड्या 'चुसान' या बोटीवर चढविण्यात आल्या आणि ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदराकडे रवाना झाल्या. १७ डिसेंबरला सिडनीत अँड्र्यू काउअन याची हिलमन हंटर पहिली आली. याच हंटरचे सुटे भाग इराणला जात आणि तेथे 'पेकान' या नावाने गाडी जुळविली जात असे. म्हणजे इराणच्या रस्त्याने धावताना ही कंपनी आपल्या गिऱ्हाइकाच्या दारावरून जात होती. आमच्या रस्त्याने धावताना ती कोणाच्या दारावरून जात होती? कोणाच्याच नाही. त्या वेळी हिंदुस्थानात ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड या तीनच मोटारी बनत, आणि बाहेरच्या गाडीला दार बंद होते. आम्ही त्यांचे गिऱ्हाईक नव्हतो, वाट होतो. या साऱ्या खटाटोपात येथील कोणाला नियमाने मजुरी मिळाली असेल तर ती मुंबईच्या गोदी कामगारांना. कारण त्यांच्या कामाचे नियमन करणारा कायदा १९४८ सालीच झाला होता.

आता घरच्या कारखान्याकडे वळू. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. फियाटच्या परवान्याने ती ११०० जातीची मोटार बनवी. तिचेच नाव पुढे पद्मिनी झाले, आणि मुंबईची टॅक्सी म्हणून ती आपण सर्वांनी पाहिली आहे. इटलीच्या फियाटने १९७७, १९७८ आणि १९८० या वर्षी रॅलीतील कारखानदारांचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षांत कुर्ल्याला साठीच्या आरंभीचा नमुना जुळविला जात होता. आमच्या कामगाराचा हात इटलीच्या कामगाराहून हलका होता म्हणून हे झाले नाही. गिऱ्हाईक आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे नंबरची वाट पाहत उभे होते. ज्याचा माल तयार होण्याआधीच विकला गेला आहे, तो धुळीत गाडी पळवून कोणाला काय पटवून देणार?

जागतिक अजिंक्यपद १९७३ साली सुरू झाले ते कारखानदारांसाठी. जो प्रत्यक्ष जीव मुठीत धरून गाडी हाकतो त्या चालकाचे अजिंक्यपद १९७९ साली आले, सहा वर्षांनी. आम्हां कामगारांना हा क्रम पाहून नवल वाटत नाही.

कारखानदारांना बोलावण्याची खरी किल्ली नियमांत असते. शर्यतीची गाडी तीच पाहिजे जी बाजारातही विकली जाते, म्हणून ठरावीक संख्येने तशा गाड्या बनविण्याची अट असे. १९८२ पासूनच्या 'ब' गटात ही संख्या अवघी २०० होती. दोनशे गाड्या बनविणे मोठ्या कारखान्याला डाव्या हाताचा खेळ. त्यामुळे ऑडी, प्यूजो, लॅन्शिया, फोर्ड असे सारे धावत आले. आणि गाड्या इतक्या बेफाम झाल्या की रस्ता अपुरा पडू लागला. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी गर्दीत घुसली. प्रेक्षक ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले. तेव्हा कंपन्यांच्या पगारी चालकांनी एकत्र बसून निवेदनावर सह्या केल्या आणि पुढे गाडी चालविण्यास नकार दिला. याला आमच्या भाषेत संप म्हणतात. जगभर नाव असलेली माणसे, एकमेकांचे प्रतिस्पर्धी. पण त्या दिवशी ती एक झाली. दोन महिन्यांत, २ मे रोजी, कॉर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सोबती सेर्जियो क्रेस्टो हे दोघे गाडीसह दरीत कोसळून मेले, आणि पुढील वर्षापासून 'ब' गट अजिंक्यपदातून काढून टाकण्यात आला. त्याच्या जागी आलेल्या 'अ' गटात अट ५,००० गाड्यांची होती. कित्येक कारखानदार तेव्हा निघून गेले. लॅन्शिया राहिली आणि १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे जिंकली.

याच प्यूजोने पुढे प्रीमियरशी भागीदारी करून कल्याणला ३०९ ही मोटार काढली, आणि ते दशक संपण्यापूर्वी ती येथून निघूनही गेली. मागे उरले ते कामगार. कंपनी मात्र २०००, २००१ आणि २००२ या तिन्ही वर्षी रॅलीची अजिंक्य होती. जी कंपनी कारखाना सोडून जाते ती शर्यतही सोडते, आणि सोयीचे दिसले की परत येते.

आपल्या देशात प्रयत्न झालाच नाही असे नाही. मुंबईचे नाझिर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० साली हिमालयन रॅली सुरू झाली, ती १९९० पर्यंत चालली. परदेशी चालक आले. परंतु जागतिक अजिंक्यपदाची फेरी हिंदुस्थानात आजवर झालेली नाही. नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय पातळीची रॅली झाली आहे. ती मंडळी उत्साही आहेत, पण तो व्याप वेगळा.

केनियाची गोष्ट पाहण्यासारखी आहे. तेथील सफारी रॅली १९५३ पासूनची. १९६५ साली ती जोगिंदर सिंग या शीख मेकॅनिकने एका जुन्या व्हॉल्व्हो गाडीवर जिंकली. पाठीशी कारखाना नसता हातातल्या पान्यावर जिंकलेला हा माणूस आम्हांला साऱ्या कंपन्यांपेक्षा मोठा वाटतो. २००२ नंतर ही रॅली जागतिक यादीतून गेली, आणि केनियाच्या सरकारने पाठबळ दिल्यावर २०२१ साली परत आली. तेव्हापासून २०२५ पर्यंत दरवर्षी टोयोटा जिंकली. आणि केनियाच्या रस्त्यावर जुन्या-नव्या टोयोटाच अधिक दिसतात. सरकारचा पैसा, कंपनीची जाहिरात.

आता २०२७ पासून नवे नियम येत आहेत. गाडीची किंमत ३ लाख ४५ हजार युरोंच्या आत ठेवायची आणि मोठा कारखाना नसलेल्या संस्थांनाही गाडी बांधून उतरू द्यायचे, असे त्यांचे धोरण आहे. कारखानदार कमी झाले की दार थोडे रुंद करतात. पुण्या-नाशिकच्या सुट्या भागांच्या कारखान्यांनी या फटीकडे लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. नुसता रस्ता भाड्याने देण्यापेक्षा त्यात अधिक रोजगार आहे.

तरीही उद्या कोणी रॅली घेऊन मेहकर-लोणारच्या रस्त्यावर आलाच, तर ग्रामपंचायतींनी हारतुरे आणण्यापूर्वी कागद मागावा. बंद रस्त्यामुळे बुडालेल्या मजुरीचे काय, सोयाबीनवर बसलेल्या धुळीचे काय, वळणावर दोरी धरून उभ्या राहणाऱ्या पोराचा विमा कोणी उतरवायचा, आणि तीन दिवस राबणाऱ्या स्थानिक मेकॅनिकला रोज किती, हे त्यात आकड्यांनी लिहिलेले असावे. आणि सह्या गाड्या सुटण्यापूर्वी घ्याव्यात.