सुंभ, शीड आणि पुरावा

मे १६१६. टोंगाच्या उत्तरेकडच्या समुद्रात ‘एंड्राख्ट’ या डच जहाजाला एक शीड दिसलं. विलेम स्खाउटेन आणि याकोब ल मेर यांच्या मोहिमेचं हे जहाज. समोर होती दोन लांब होड्या शेजारी शेजारी बांधून, त्यांवर मचाण घालून केलेली शिडाची नाव. डचांनी इशाऱ्याच्या तोफा डागल्या, तरी ती थांबली नाही. मग त्यांनी बंदूकधारी लोक छोट्या होडीतून पाठवले आणि गोळ्या झाडल्या. नावेवरच्या काहींनी पाण्यात उड्या टाकल्या, काही मेले. नावेवर बायका होत्या, तान्ही मुलं होती. दोन वर्षांनी अॅमस्टरडॅममध्ये या मोहिमेचा वृत्तांत छापला गेला, त्यात त्या नावेचं चित्र आलं. युरोपीय लोकांनी काढलेल्या पॉलिनेशियन नावांच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक.

या जातीच्या नावेला ‘टोंगियाकी’ म्हणतात. गेलं वर्षभर शनिवार-रविवारी मी तिची एकास वीस प्रमाणातली प्रतिकृती बांधतो आहे. व्यवसायाने मी सॉफ्टवेअरवाला, हातात रंधा धरायची सवय नाही. पण या कामात रंध्याहून जास्त वेळ जातो तो वाचण्यात. एकही अख्खी टोंगियाकी आज शिल्लक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मागे पडली आणि फिजीच्या ‘द्रुआ’वरून आलेली ‘कालिया’ तिच्या जागी आली. त्यामुळे प्रतिकृतीचा प्रत्येक तुकडा कुठल्यातरी कागदावरून उचलावा लागतो, आणि प्रत्येक कागदाला विचारावं लागतं, ‘तू हे पाहिलं होतंस का?’

१६१६चं चित्र एका बाजूने पाहिलेलं आहे, आणि नाव पाण्यात आहे. म्हणजे बूड दिसत नाही, आतली बाजू दिसत नाही. १६४३मध्ये टास्मान टोंगाला गेला, त्याच्या मोहिमेतल्या चित्रांतही टोंगाच्या नावा आहेत. खरा आधार मिळतो तो कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत. १७७३ आणि १७७४मध्ये तो टोंगात होता, सोबत विल्यम हॉजेस हा चित्रकार होता. कुकने मोजमापं लिहिली : दुहेरी नाव साठ ते सत्तर फूट लांब. साठ फूट धरली तर माझ्या टेबलावर ती ९१ सेंटिमीटर होते.

कुकने आणखी एक गोष्ट टिपली, आणि माझे कित्येक रविवार तिच्यात गेले. टोंगाच्या नावेच्या फळ्यांचा सांधा बाहेरून जवळजवळ दिसत नाही. प्रत्येक फळीच्या आतल्या कडेला लाकूड कोरताना एक उंचवटा राखलेला असतो. त्याला भोकं पाडून, शेजारच्या फळीच्या उंचवट्याशी तो नारळाच्या काथ्याने आवळतात. खिळा एकही नाही. फळी नुसती चिरून भागत नाही. उंचवट्यासकट कोरायची, म्हणून ती मुळात बरीच जाड घ्यावी लागते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त लाकूड तासून टाकावं लागतं. हे काम दगडी आणि शिंपल्याच्या पात्यांच्या वाकसांनी होत असे.

बांधायला लागतो तो सुंभ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो, पण त्यांच्या सुंभाला पीळ नसतो, वेणी असते. तंतू गुंफून केलेली चपटी दोरी गाठीवर घट्ट बसते. खरी दोरी चार मिलिमीटरची धरली तर माझ्या प्रमाणात ती ०.२ मिलिमीटर. शिलाईच्या धाग्याचे पदर सोडवून मी ती गुंफतो. शीड असे केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांची चटई विणून केलेलं. एक सेंटिमीटरची पट्टी माझ्याकडे अर्ध्या मिलिमीटरची होते, ती मी कागदाची कापतो. आतल्या बाजूच्या गाठी मचाण बसल्यावर कुणालाच दिसणार नाहीत. तरी त्या बांधतो. त्या बांधल्याशिवाय फळी किती जाड हवी हेच कळत नाही.

इतका खटाटोप कशाला? कारण या नावा कशा होत्या या प्रश्नावर एका अख्ख्या समाजाचा इतिहास टांगलेला होता. १९५६मध्ये अँड्र्यू शार्प या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने मांडलं की पॅसिफिकमधली दूरदूरची बेटं ठरवून, जाऊन-येऊन वसवलेली नाहीत. वाऱ्याने भरकटलेले किंवा परतीची वाट नसलेले लोक तिथे लागले. नावा कमकुवत, दिशा शोधण्याची साधनं अपुरी, हा त्याच्या युक्तिवादाचा पाया.

याला पहिलं मोठं उत्तर माझ्या धंद्यातून आलं याचा मला आनंद आहे. १९७३मध्ये लेव्हिसन, वॉर्ड आणि वेब या तिघांनी वारे आणि प्रवाहांच्या नोंदी संगणकात भरून एक लाखाहून जास्त काल्पनिक नावा भरकटू दिल्या. हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर बेट इथे नुसतं वाहत पोचण्याची शक्यता जवळपास शून्य निघाली. त्याच वर्षी होनोलुलूत ‘पॉलिनेशियन व्हॉयेजिंग सोसायटी’ स्थापन झाली. त्यांची ‘होकुलेआ’ ही सुमारे ६२ फुटी दुहेरी नाव १ मे १९७६ला माउई बेटावरून निघाली आणि ४ जूनला ताहितीच्या पापेएतेला पोचली. वाट दाखवली मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाच्या माउ पियाइलुग यांनी, एकही उपकरण न वापरता.

पण होकुलेआ प्लायवूड, फायबरग्लास आणि रेझिनची आहे. तिच्या बांधणाऱ्यांनी हे कधी लपवलं नाही. आकार आणि चाल जुन्या नावेची, साहित्य आजचं, असं त्यांनी उघड सांगितलं. पुढे पारंपरिक साहित्याची ‘हवाईलोआ’ बांधायची ठरली, तेव्हा हवाईच्या जंगलात पुरेसे मोठे कोआ वृक्ष सापडलेच नाहीत. अखेर अलास्काच्या आदिवासींनी स्प्रूसचे दोन प्रचंड ओंडके दिले आणि १९९३मध्ये ती पाण्यात गेली. नाव हरवते तेव्हा तिच्यामागचं जंगलही गेलेलं असतं.

आपल्याकडे नुकतंच असं घडलं. नौदलाची ‘कौंडिण्य’ ही काथ्याने शिवलेली नौका गोव्यात बांधली गेली आणि मे २०२५मध्ये कारवारला दाखल झाली. आधार काय, तर अजिंठ्यातलं पाचव्या शतकातलं भित्तिचित्र. आराखडा नाही, माप नाही. चित्रावरून आकार बांधला आणि तो पाण्यात टिकेल का, हे आयआयटी मद्रासमध्ये लहान प्रतिकृती पाण्यात चालवून तपासलं. प्रतिकृती म्हणजे कपाटातली शोभा नव्हे, चित्राला विचारलेला प्रश्न आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं.

या छंदातला सर्वांत मोठा मोह म्हणजे रिकामी जागा शेजारच्याकडून भरणं. फिजीच्या सुवा इथल्या संग्रहालयात १९१३ची ‘रातू फिनाऊ’ ही खरी द्रुआ उभी आहे. तिची छायाचित्रं सहज मिळतात. तिचं डोलकाठीचं खोबण, तिची दोरखंडं उचलून टोंगियाकीवर बसवली की प्रतिकृती झटकन पुरी आणि देखणी होते. पण द्रुआत एक होडी मोठी, एक लहान. वाऱ्याची बाजू बदलताना तिची पुढची बाजू मागची होते. टोंगियाकीच्या होड्या जवळपास सारख्या आणि तिची पुढची बाजू ठरलेली. यंत्रणा वेगळी म्हणजे शिडाखालच्या माणसांची कामंही वेगळी. उसनी दोरी लावून मी टोंगाच्या खलाशांच्या हातात फिजीचं काम देत असतो.

म्हणून कोड लिहिताना ठेवतो तशी प्रत्येक भागाची नोंद ठेवतो : ‘पाहिलेलं’, ‘मोजलेलं’, ‘तुलनेने घेतलेलं’. पहिल्या दोन प्रकारचे भाग तेल लावून गडद केले आहेत, तिसऱ्या प्रकारचे कोऱ्या लाकडाचे ठेवले आहेत. घरी येणारे विचारतात, रंग अर्धवट का राहिलाय. मग सांगायला सुरुवात होते.

ही यादी करताना एक गोष्ट लक्षात आली. संग्रहालयांतल्या प्रतिकृतींची मचाणं बहुतेक रिकामी असतात. लाकूड, दोरी, शीड सगळं असतं, माणसं नसतात. आणि १६१६च्या त्या नावेबद्दल सर्वांत पक्की माहिती कुठली? दोरखंडांची नाही, डोलकाठीचीही नाही. तिच्यावर पुरुष होते, बायका होत्या, अंगावर पिणारी मुलं होती. गोळ्या झाडणाऱ्यांनीच ते लिहून ठेवलं आहे. लेकुरवाळ्या बायका घेऊन उघड्या समुद्रात निघालेले लोक भरकटलेले नसतात, त्यांचा आपल्या नावेवर भरवसा असतो.

एकास वीस प्रमाणात माणूस साधारण सव्वाआठ सेंटिमीटरचा होतो, मूल तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं. सध्या ती कोरतो आहे. नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘पाहिलेलं’ असं लिहिलं आहे, आणि तेल लावून ती गडद करणार आहे.