मायकोरायझा
वनस्पतींची मुळे आणि जमिनीतील कवके यांचे परस्परहितकारी सहजीवन. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बेर्ट बेर्नहार्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये त्याला हे नाव दिले. कवकतंतू मुळांच्या आवाक्याबाहेरील मातीतून पाणी, फॉस्फरस व नायट्रोजन शोषून झाडाला पुरवतात. झाड त्यांना शर्करा देते. प्रमुख प्रकार दोन. पाइन, ओक व साल यांच्या मुळांवर कवकाचे बाह्य आवरण चढते आणि त्याचे तंतू पेशींच्या मधल्या जागेत जाळे विणतात. साग, आंबा व बहुतेक पिकांत कवक मुळांच्या पेशींमध्ये शिरून झुडपासारखे फाटे काढते. तेथे पोषकद्रव्यांची देवघेव होते. स्कॉटलंडमधील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही हे सहजीवन आढळते. फॉस्फरसयुक्त खतांचा अतिरेक व वारंवारची नांगरट यांमुळे ते दुर्बल होते.