अपंगविषयक भारतीय कायदे : व्याख्येतील स्थित्यंतर

संरक्षण कोणास मिळावयाचे, हे कायद्यातील व्याख्येवर ठरते. अपंग व्यक्तींच्या नोकरीविषयक व सार्वजनिक सेवांविषयक हक्कांचे भारतीय कायदे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

संविधानाच्या अनुच्छेद १५ व १६ यांत भेदभावाची जी कारणे नावानिशी निषिद्ध ठरविली आहेत, त्यांत अपंगत्वाचा उल्लेख नाही. ही उणीव १९९५ च्या अधिनियमाने काही अंशी भरून काढली. त्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले आणि वैद्यकीय प्राधिकाऱ्याने किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित केलेली व्यक्ती ती अपंग व्यक्ती, अशी व्याख्या केली. शासकीय आस्थापनांत ३ टक्के पदे राखून ठेवण्यासाठी असे माप उपयोगी होते. परंतु समान वागणुकीचा हक्कही त्याच मापाने द्यावयाचा काय, हा प्रश्न उरलाच. शिवाय वाहने, रस्ते व इमारती यांसंबंधीच्या कलम ४४ ते ४६ मधील कर्तव्यांना 'आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत' अशी अट जोडलेली होती. तिच्यामुळे ही कर्तव्ये बरीच ऐच्छिक झाली.

मापाचा प्रश्न न्यायालयापुढे लवकरच आला. कर्तव्यावर असताना झालेल्या दुखापतीमुळे एका शिपायास पाय गमवावा लागला व त्यास सेवेतून कमी करण्यात आले. कुणाल सिंग प्रकरणात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कलम ४७ सेवाकाळात अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यासाठी आहे. 'अपंग व्यक्ती' या व्याख्येने त्याचा संकोच करता येणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारास भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले व त्यास अनुसरून २०१६ चा अधिनियम झाला. शासकीय मराठीत 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला, याची चर्चा पुष्कळ झाली. त्याहून महत्त्वाचा बदल व्याख्येत आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक वा ज्ञानेंद्रियविषयक उणिवेचा अडथळ्यांशी संबंध येऊन ज्या व्यक्तीच्या समाजातील समान सहभागास बाधा येते, ती दिव्यांग व्यक्ती होय. अडथळा हा शब्द येथे व्याख्येतच आला. वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच, असे याच अधिनियमाने ठरविले.

४० टक्क्यांची अट राखीव पदांसारख्या विशेष लाभांपुरती राहिली. तरीही लेखनास बाधा आणणारा विकार असलेल्या एका परीक्षार्थीस या अटीअभावी लेखनिक नाकारण्यात आला. विकास कुमार प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. १८ वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा उद्भवला होता. कायद्याची व्याख्या बदलली, तरी कचेरीतील व्याख्या बदलण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागते, हेच यावरून दिसून येते.