शारदेचं लग्न कोणी मोडलं?

सव्वाशे वर्षांपूर्वीचं एक नाटक आम्ही बायकांनी पुन्हा उभं करायला घेतलं आणि शेवटच्या प्रवेशावरून तीन आठवडे भांडलो. आज त्या भांडणाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यापायी आम्हाला जो इतिहास उपसावा लागला त्याबद्दलही.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. गावात दरवर्षी भाषणं होतात, आणि भाषणं चालू असताना मागच्या रांगेत शेंगा फोडल्याचा आवाज जास्त असतो. म्हणून यंदा नाटक करायचं ठरलं. नाटक कोणतं, तर 'संगीत शारदा'. गोविंद बल्लाळ देवलांनी लिहिलेलं, १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेलं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. भुजंगनाथ नावाचा पंच्याहत्तरीचा श्रीमंत म्हातारा. बायको वारली, तर त्याला पुन्हा लग्न करायचंय, तेही कोवळ्या मुलीशी. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ त्याला स्थळ शोधून देतो. मुलीचा बाप कांचनभट पैशाचा लोभी, तो पोरीचा सौदा करायला तयार. ती पोर म्हणजे शारदा. कोदंड नावाचा तरुण या लग्नाच्या विरोधात उभा राहतो. ऐन लग्नात उघड होतं की नवरदेव आणि मुलीचा बाप एकाच गोत्राचे आहेत. सगोत्र लग्न शास्त्राला मान्य नाही, म्हणून लग्न मोडतं. शारदा जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो, आणि शंकराचार्यांच्या संमतीने त्या दोघांचं लग्न लागतं.

पहिल्याच वाचनाला एकीने वही मिटली. म्हणाली, "हे भटाघरचं नाटक. गोत्र, शास्त्र, शंकराचार्य. आपला काय संबंध?" त्यावर दुसरी म्हणाली, "तुझ्या आजीचं देज किती घेतलं होतं, विचार की घरी." आपल्याकडेही पोरीचं देज घ्यायचेच. पुढे देज गेलं, हुंडा आला. पोरीची किंमत ठरवणं काही एका जातीचं नव्हतं. एवढं बोलणं झालं आणि वही पुन्हा उघडली.

आता त्या काळाकडे जाऊ. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' केलं, १८८२ साली 'सौभद्र'. संगीत नाटक म्हटलं की राजे, ऋषी, देव. देवल किर्लोस्करांच्याच तालमीत तयार झालेले. त्यांनी पदं, नांदी सगळं तेच ठेवलं, पण माणसं घराशेजारची आणली. जरठकुमारी विवाह, म्हणजे म्हातारा नवरा आणि कोवळी नवरी, हे लोक रोज बघत होते. तेच आता गाण्यांसकट समोर आलं. शारदेच्या मैत्रिणी म्हाताऱ्याच्या वयाची टिंगल करत जे पद म्हणतात, ते अजूनही गावच्या गाण्याच्या कार्यक्रमात ऐकू येतं. आमच्यातल्या तिघींना ते पाठ होतं, पण ते या नाटकातलं आहे हे एकीलाही माहीत नव्हतं.

आमच्या भागात एक समजूत आहे, ती इथेच दूर करू. बालविवाहाविरुद्धचा 'शारदा कायदा' या नाटकामुळे आला असं पुष्कळजणी म्हणतात. तसं नाही. १९२९ चा तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला गेला. सारडाचं आपल्या तोंडी शारदा झालं. त्या कायद्याने मुलीचं वय १४ ठरलं, मुलाचं १८. नाटक आलं तेव्हा लग्नाच्या वयाला कायद्याची आडकाठीच नव्हती. १८९१ च्या कायद्याने फक्त संबंधासाठी मुलीचं वय १० वरून १२ केलं होतं, आणि त्यावरूनही केवढा गदारोळ झाला.

जुनं नाटक करताना काय बदलायचं, हा प्रश्न आमच्या आधी पुष्कळांना पडलेला आहे. पहिला बदल तर शारदा कोण होणार याचाच. सुरुवातीला बायकांची कामं पुरुषच करायचे. कोल्हापूरचे केशवराव भोसले मिसरूड फुटण्याआधीच शारदेच्या भूमिकेमुळे नावारूपाला आले. म्हणजे लहान पोरीचं दुःख लहान पोरगाच गाऊन दाखवत होता. खरी बाई नाटकात उभी राहणं म्हणजे बेअब्रू, असं मानायचे. हिराबाई बडोदेकरांनी बहिणभावंडांना घेऊन मंडळी काढली आणि बायकांची कामं बायकांनी केली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्ना भोळे आल्या. तेव्हाही लोक म्हणाले, नाटक बिघडलं. आज कोणी तसं म्हणतं का? आमच्या नाटकात तर उलटच झालं. म्हातारा भुजंगनाथ आमच्यातल्या एका आक्कांनी केला, मिशा लावून. तालमीत हसून हसून पोट दुखायचं.

दुसरा बदल पदांचा. पूर्वी नाटक रात्री सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत चालायचं. लोक 'वन्समोअर' ओरडायचे, गाणारा तेच पद पुन्हा आळवायचा, आणि गोष्ट तिथेच थांबून राहायची. पुढे वेळ कमी झाला तशी पदं गळत गेली. आम्हाला दोन तास मिळणार होते, गाणाऱ्या चौघी, आणि पेटी वाजवायला भजनी मंडळातले एक काका. निम्म्याहून जास्त पदं काढली. यावर भांडण झालं नाही, नुसती हळहळ झाली. काकांना मात्र राग आला. "गाणं काढलं तर संगीत कशाला म्हणता?" असं ते म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही.

भांडण झालं ते शेवटावरून.

आमच्यातल्या तरुण मुलींचं म्हणणं असं: शारदेचं लग्न मोडलं कोणी? तिने? नाही. कोदंडाने? त्यानेही नुसतं सांगितलं. मोडलं ते गोत्राने. गोत्र वेगळं निघालं असतं तर पंच्याहत्तरीच्या माणसाशी तिचं लग्न लागलंच असतं, आणि शास्त्राला त्यात काही वावगं दिसलं नसतं. मग आपण ते बदलू. गोत्र काढून टाकू. शारदा बोहल्यावर उभी राहून 'मी करणार नाही' म्हणेल आणि तिथेच पडदा पडेल. कोदंडाशी लग्नही नको. एका नवऱ्यातून सुटली की लगेच दुसरा कशाला?

ऐकायला बरं वाटलं. टाळ्याही पडल्या. मग दुसऱ्या बाजूने बोलणं सुरू झालं. देवलांनी गोत्र आणलं ते भाबडेपणाने नाही, असं एकीचं म्हणणं. त्या काळी मुलगी 'नको' म्हणाली असती तर बापाने थोबाडीत देऊन उभी केली असती, आणि बघणाऱ्यांनी बापाचीच बाजू घेतली असती. शास्त्राच्या नावावर चाललेलं लग्न शास्त्रानेच मोडलं, की भटजीचंही तोंड बंद. काट्याने काटा काढला. तिला बोलती केली तर आपण १८९९ साल खोटं दाखवू.

मग रखमाबाईंचं नाव निघालं. तिथे आमचे दोन्ही गट अडखळले. मुंबईच्या रखमाबाई, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या. मोठ्या झाल्यावर नवऱ्याघरी नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी १८८४ साली कोर्टात गेला. आधी निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, मग उलटा. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला त्यांनी बायकांवर उपचार केले. हे सगळं 'शारदा'च्या आधीचं. म्हणजे 'नको' म्हणणारी बाई त्या काळात होती. 'असं होणं शक्यच नव्हतं' हे म्हणणं तिथेच संपलं. पण तिला केवढी किंमत मोजावी लागली तेही समोर आलं. तिच्या पाठीशी डॉक्टर असलेले सावत्र वडील होते. शारदेच्या पाठीशी कोण? लोभी बाप, आणि घरात जिचं काही चालत नाही अशी आई.

शेवटच्या लग्नाचा प्रश्न सोडवला तो वाड्यातल्या काकूंनी. वय ऐंशीच्या पुढे. त्या तालमीला नुसत्या बसायला यायच्या, भाकरीचं पीठ मळून ठेवून. मुली म्हणाल्या, कोदंडाशी लग्न काढून टाकू. काकू म्हणाल्या, "बोहल्यावरून परत आलेल्या मुलीचं तेव्हा काय व्हायचं, माहितेय? माझ्या आजेसासूबाई दहाव्या वर्षी विधवा झाल्या. डोईवरचे केस काढलेले, अंगावर आलवण, आणि कोणाच्या शुभकार्यात यायचं नाही. मरेपर्यंत. शारदेला तेच दिसत होतं, म्हणून ती नदीकडे गेली. तिचं लग्न लागलं म्हणजे ती जगली. तुम्हाला ते नकोय, कारण तुम्ही ते बघितलं नाही."

कोणी काही बोललं नाही. पेटीवाले काकाही नाही.

मग मतं घेतली. गोत्र राहिलं, लग्नही राहिलं. आठ जणी विरुद्ध होत्या, त्यातल्या दोघी ही वही लिहिणाऱ्यांतल्याच आहेत, आणि त्यांचं मत अजून बदललेलं नाही. पण पदं काढल्यामुळे जो वेळ वाचला होता त्यात आम्ही एक भर घातली. लग्नाच्या प्रवेशाआधी मांडव उभारायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आमच्यातली एक साध्या कपड्यात पडद्यापुढे येऊन रखमाबाईंची हकिकत सांगते. देवलांच्या शब्दाला हात लावला नाही, पण त्याच्या शेजारी तिला उभं केलं.

हे एवढं का ताणलं, असं एका पाहुण्यांनी विचारलं. आमच्याकडून दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल मिळते. पोरीला एकटी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही काळजी वेगळीच. मग लग्न उरकतात. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० बायकांमागे सुमारे २२ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. शारदेचं काम करणारी मुलगी नववीत आहे. तिच्या वर्गातल्या दोघी दिवाळीनंतर शाळेत आल्या नाहीत.

प्रयोग झाला. मिशीवाल्या आक्कांना सगळ्यात जास्त टाळ्या. गोत्र एक निघालं तेव्हा पुढे बसलेले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "सुटली बिचारी." मागून एक बाई म्हणाली, "आणि गोत्र वेगळं असतं तर?" आजोबांनी मागे वळून बघितलं, पण बाई अंधारात होती.

आता शेजारच्या गावाने यात्रेत प्रयोग करायला बोलावलंय. जायची गाडी आणि जेवण त्यांचं. फक्त ती मधली हकिकत गाळा, असा निरोप आहे, कारण म्हणे नाटकात ती बसत नाही. बुधवारी संध्याकाळी समाजमंदिरात त्यावर बैठक आहे. ज्यांना यायचंय त्यांनी सात वाजता या. काकूंना आणायची जबाबदारी पेटीवाल्या काकांनी घेतली आहे.