बेवारशी माल आणि त्याचे लिलांव

अमेरिकेंत सामान ठेवण्यासाठीं भाड्याच्या खोल्या मिळतात. घर बदलणारा, परगांवीं जाणारा, किंवा आईबापांच्या मागें त्यांचें सामान कोठें ठेवावें ह्या विवंचनेंत पडलेला मनुष्य अशी एक खोली घेतो, सामान आंत रचतो आणि कुलूप लावून निघून जातो. भाडें थकलें म्हणजे खोल्यांचा मालक तेथील कायद्याप्रमाणें नोटीस देऊन त्या सामानाचा लिलांव करतो. गिऱ्हाइकास उंबऱ्याबाहेरून पाहूनच बोली बोलावी लागते. पेट्या उघडून पाहण्याची मुभा नसते. इ. स. २०१० पासून दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमानें ह्या धंद्यास मोठी प्रसिद्धि दिली, आणि कुलूप तोडलें कीं आंत धन असावयाचेंच असा समज जगभर पसरला. आमचे विद्यार्थीहि हें पाहतात आणि असा धंदा आपल्याकडे कां नाहीं असें विचारतात. तो आपल्याकडे आहे, व पूर्वींहि होता. त्याचा आरंभीचा एक अध्याय तर पुण्याच्या ईशान्येस, विश्रांतवाडीच्या पंचक्रोशींतच घडलेला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ‘लिलांव’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांचा मूळ शब्द ‘लेलांव’ असा कांहींसा उच्चारला जातो, आणि तो त्यांनीं अरबांकडून उचललेला आहे. दुसरा शब्द ‘हराज’, तोहि अरबी. ‘बेवारशी’ हा फारशी प्रत्यय आणि अरबी नाम मिळून झालेला. तिन्ही शब्द बाहेरचे म्हणून ती वस्तु आपल्याकडे नव्हती असें मात्र होत नाहीं. वारस नसलेल्याची चीजवस्त सरकारजमा करणें ही मराठी राज्याच्या किरकोळ उत्पन्नाची एक बाब होती, आणि जकातीचे मक्ते चढत्या सवालावर जात. नवें जें आलें तें निराळें होतें. वारस डोळ्यांदेखत जिवंत असतां त्याचा माल बेवारशी ठरवावयाचा, आणि तो हातोड्याखालीं घालावयाचा, ही रीत इंग्रजी अमलाबरोबर येथें रुळली.

विश्रांतवाडी आळंदीच्या रस्त्यावर आहे. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी दिघी, कळस करीत ह्याच वाटेनें पुण्यांत येते. वाडीच्या पश्चिमेस खडकी आणि दक्षिणेस येरवडें. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत ह्या दोन्ही गांवांच्या रानांत पेशवाईचा निकाल लागला. ता. ५ रोजीं खडकीची लढाई झाली. त्या दिवशीं एल्फिन्स्टननें संगमावरचा आपला बंगला सोडला आणि तो छावणीस जाऊन मिळाला; मागें पेशव्यांच्या लोकांनीं बंगला लुटला व जाळला, आणि त्यांत त्याचा ग्रंथसंग्रह व लिहिलेले कागद नाहींसे झाले. पुढें ता. १६ रोजीं जनरल स्मिथच्या फौजेशीं येरवड्याजवळ लढाई झाली. रात्रींच बाजीरावसाहेब साताऱ्याच्या रोखानें निघून गेले, आणि ता. १७ च्या पहाटे इंग्रज पुढें सरकले तों पेशव्यांचा तळ ओस पडलेला. बारा दिवसांत दोन घरें टाकून दिलीं गेलीं. पहिल्यास आग लागली, दुसऱ्याचा हिशेब झाला.

हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. युद्धांत हातीं लागलेली मालमत्ता इंग्रजी कायद्याप्रमाणें राजाची असे, आणि राजा ती आपल्या कृपेनें सैन्यास देई. त्यासाठीं ‘प्राइझ एजंट’ नेमले जात. त्यांनीं माल गोळा करावा, विकावा, आणि आलेली रक्कम एका निधींत घालावी. मग हुद्द्याप्रमाणें वांटणी. आतां दख्खनच्या ह्या निधीवर हक्क कोणाचा? प्रत्यक्ष दक्षिणेंत लढलेल्या सर टॉमस हिस्लॉपच्या सैन्याचा, कीं उत्तरेंत असलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या सैन्याचाहि? हा वाद विलायतेस गेला. इ. स. १८२३ मध्यें ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि आर्बथनॉट ह्यांस त्या पैशाचे विश्वस्त नेमण्यांत आलें, तरी तंटे पुढें कित्येक वर्षें चाललेच. येरवड्याच्या रानांत गोळी खाल्लेल्या शिपायाला त्याच्या वांट्याचे रुपये मिळेपर्यंत त्याचे केंस पिकले असतील, आणि कित्येकांना तोंवर आयुष्यच पुरलें नसेल.

मग फायदा झाला कोणाचा? आमच्या मतें ज्याच्या गांठीं रोकड होती त्याचा. छावणींतील लिलांवांत घोडा, उंट, बैल असा माल आला म्हणजे विकणारास दम धरतां येत नाहीं. प्रत्येक दिवसाला दाणावैरण लागते. तंबू कुजतात, धान्यास कीड लागते, पहाऱ्यास माणसें गुंततात. सांभाळणें महाग म्हणून माल स्वस्त जातो. मालाच्या अंगच्या मोलाशीं ह्या स्वस्ताईचा फारसा संबंध नसतो. ही एक गोष्ट ज्याला कळली त्याला ह्या धंद्याचें अर्धें मर्म कळलें.

ह्याची साक्ष नागपुरास मिळते. तिसरे रघूजी भोंसले डिसेंबर १८५३ मध्यें निपुत्रिक वारले. डलहौसीनें १८५४ सालीं राज्य खालसा केलें, आणि त्याच्या मागोमाग राजवाड्यांतील चीजवस्त विकावयास काढली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस लिलांवांत उभे केले गेले आणि अगदीं कवडीमोल गेले. वृद्ध बांकाबाईंनीं, सामान हलविलें तर वाड्यास आग लावीन, अशी धमकी दिल्याचें इंग्रज इतिहासकार के ह्यानेंच लिहून ठेविलें आहे; परंतु सामान हललें. जवाहीर कलकत्त्यास गेलें आणि हॅमिल्टन कंपनीच्या दुकानीं विकलें गेलें. राज्य घेतल्यापेक्षां ह्या विक्रीनें लोकांचीं मनें अधिक विटलीं, असें तोच के म्हणतो, आणि येथें त्याचें म्हणणें आम्हांस पटतें. राज्यें जातात हें रयतेनें पुष्कळदां पाहिलें होतें. पण राण्या आंत बसल्या असतां बाहेर त्यांच्या हत्तींची बोली चालावी, हें तिनें पूर्वीं पाहिलें नव्हतें.

हत्तीला चारा लागतो, हिऱ्याला लागत नाहीं. नाशिकचा म्हणून प्रसिद्ध असलेला हिरा १८१८ सालीं बाजीरावसाहेबांच्या जवाहिरांतून इंग्रजांच्या हातीं पडला. तो विलायतेंत रंडेल आणि ब्रिज ह्या सराफी पेढीनें सुमारें ३,००० पौंडांस घेतला. पेढीनें घाई केली नाहीं. तेरा वर्षें तो जवळ ठेवला, पैलू बदलून घेतले, वजन कमी होऊं दिलें पण तेज वाढविलें. पुढें तो ७,२०० पौंडांस गेला, आणि १८३७ सालीं मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर ह्याच्या मालकीचा झाला; त्यानें तो तरवारीच्या मुठींत बसविला. विसाव्या शतकांत तो अमेरिकेस गेला, न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननें त्याला पुन्हां पैलू पाडले, आणि एके काळीं नव्वद कॅरटांच्या घरांत असलेला हिरा ४३.३८ कॅरटांचा उरला. १९७० सालच्या लिलांवांत त्याला पांच लक्ष डॉलर आले. एकंदरींत किंमत वाढत गेली आणि दगड लहान होत गेला. पहिल्या विक्रीचा पैसा निदान दख्खनच्या युद्धाच्या खात्याशीं निगडित होता. नंतरचा सर्व नफा धीर धरणाऱ्यांचा.

परंतु ह्या सर्व घडामोडींत खरें बेवारशी झालें तें आपलें कागदपत्र. वाडे पडले, कर्ते पुरुष गेले, वांटण्या झाल्या. भांडीं, दागिने, लांकूड ह्यांचे वांटे पडले, आणि माडीवरच्या रुमालांतलें मोडी दफ्तर कोणीच मागितलें नाहीं. ज्याला मोडी वाचतां येत नाहीं त्याला तो कागद म्हणजे कागदच. वाळवीनें खाल्लें तें खाल्लें, आणि उरलें तें वाण्याच्या दुकानीं पुड्यांना गेलें. सरकारी दफ्तराला पुण्यांत दगडी इमारत मिळाली. घराण्यांच्या दफ्तरांना कोण विचारतो?

ह्या अवस्थेंत विश्वनाथ काशीनाथ राजवाडे खांद्याला झोळी लावून निघाले. वाईस एका वाड्यांत त्यांना जुनीं पत्रें सांपडलीं, आणि त्यांतून १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्याचा पहिला खंड निघाला. पानिपतपूर्वीच्या दहा वर्षांतील राजकारण, १७५० पासून १७६१ पर्यंतचें, त्या पत्रांतून प्रथमच मूळ शब्दांत लोकांपुढें आलें. तीं पत्रें आणखी दोन पावसाळे तशींच राहिलीं असतीं तर? वासुदेवशास्त्री खरे मिरजेस पटवर्धनांच्या दफ्तरावर बसले होते. दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांची रीत निराळी. ते मिळवणारे होते, गोड बोलून, ओळखी काढून, प्रसंगीं पैसा मोजून. नाना फडणीसांचें मेणवलीचें दफ्तर त्यांनीं मिळविलें आणि साताऱ्यास संग्रहालय उभें केलें. राजवाड्यांचें आणि पारसनीसांचें फारसें सूत नव्हतें, आणि कागद मालकाच्या घरीं असावा कीं संग्राहकाच्या कपाटांत, ह्यावर आजहि दोन मतें होऊं शकतील. आमचें मत संग्राहकाच्या बाजूचें आहे, कारण कपाटाला निदान कुलूप असतें. १९३९ सालीं पारसनीसांचा तो संग्रह येरवड्याच्या डेक्कन कॉलेजांत आला. पेशव्यांचा तळ ज्या रानांत ओस पडला होता, त्याच रानाच्या कडेला नानांचें दफ्तर येऊन विसावलें. हा योगायोग आहे, त्याला आम्ही अधिक कांहीं म्हणत नाहीं.

आतां चालू काळाकडे वळूं. थकलेल्या भाड्यासाठीं सरसकट खोल्या विकण्याची अमेरिकन रीत येथें फैलावली नाहीं ह्याचें एक कारण कायद्यांत आहे. १८७२ च्या करार कायद्यानें जिन्नस तारण घेणारास वाजवी सूचना देऊन विक्री करण्याचा हक्क दिला. नुसता माल सांभाळणाराची गोष्ट वेगळी. त्याला कांहीं प्रसंगीं माल अडकवून ठेवतां येतो, पण अडकवण्याच्या हक्कांत विकण्याचा हक्क आपोआप येत नाहीं. म्हणून मोठे लिलांव होतात ते ज्यांना कायद्यानें खास अधिकार दिला त्यांचे. न सोडविलेला माल विकण्याचा अधिकार रेल्वेस १८९० च्या कायद्यानें होता, १८८९ नंतरच्या शतकांत झालेल्या १९८९ च्या कायद्यानेंहि आहे. बंदरांत उतरलेला माल तीस दिवसांत न सोडविल्यास तो विकतां येतो, अशी तरतूद १९६२ च्या कस्टम कायद्यांत आहे. लिलांवाचे नियम १९३० च्या मालविक्री कायद्यांत सांपडतात: हातोडा पडेपर्यंत बोली मागें घेतां येते, पडल्यावर नाहीं, आणि विकणारानें चोरून आपलाच माणूस बोलीस उभा केला तर ती विक्री घेणारास रद्द करतां येते.

पुण्यांत ह्या धंद्याला लष्करानें जागविलें. दुसऱ्या महायुद्धानंतर जादा सामानाचे ढीग विकले गेले आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द बाजारांत रूढ झाला. जीप आणि ट्रक त्या वाटेनें मुलकी रस्त्यांवर आले. पूर्वीं ढिगाशेजारीं उभें राहून सवाल बोलत; आतां बरेचसे सरकारी लिलांव १९६४ सालीं स्थापन झालेल्या एमएसटीसी ह्या सरकारी कंपनीमार्फत संगणकावर होतात. शर्त मात्र जुनीच: माल जसा आहे तसा, जेथें आहे तेथें. बयाणा आधीं भरावयाचा, उरलेली रक्कम मुदतींत द्यावयाची, माल मुदतींत उचलावयाचा. न उचलल्यास भुईभाडें चढतें, आणि शेवटीं बयाणाहि जातो. बोलीच्या आकड्यावर कर, टेंपो, हमाली, आणि निवडण्याची मजुरी. एका लॉटांत दहा जिनसा चांगल्या असल्या तरी उरलेला कचरा घेणारालाच उचलावा लागतो. म्हणजे येरवड्याच्या तळावर जें ओझें विकणाराच्या डोक्यावर होतें, तें आतां घेणाराच्या डोक्यावर आलें आहे. जुने व्यापारी म्हणून आधीं वजन पाहतात, लोखंड किती, तांबें किती, आणि भंगाराच्या भावांत खर्च निघत असेल तरच बोलतात. वरती कांहीं निघालें तर तें नशिबाचें.

तें नशीब अखेर मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारांत, रविवारीं आणि बुधवारीं, रस्त्यावर मांडलें जातें. पितळी कुलपें, शिवणयंत्रांचे सांगाडे, लष्करी बूट, नांव रंगविलेल्या लोखंडी ट्रंका. ट्रंकेला भाव येतो. नांव घांसून काढलें तर थोडा अधिक येतो. तसबिरीची चौकट विकली जाते आणि आंतला फोटो बाजूस पडतो. कोणाचें वतनपत्र, कोणाच्या शाळेच्या वह्या, कोणाचीं ब्रह्मदेशांतून लिहिलेलीं पत्रें असा कागद सर्वांत मागें, गोणींत असतो. ती गोणी ओतून दाखवा म्हटलें तर दुकानदार दाखवितो, आणि भाव विचारला तर तराजू पुढें करतो.