दोन रुळांमधली कोरी जागा : रेल्वेच्या जुन्या नकाशांबद्दल

मंडळी, धाडमध्ये उभं राहून रेल्वेच्या नकाशांवर बोलायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच. इथून सोयीचं स्टेशन कुठलं, यावर मघाशी चहा घेतानाच वाद झाला. कुणी जालना म्हणालं, कुणी मलकापूर. तरी हा विषय आम्ही मुद्दाम इथंच मांडायचं ठरवलं. कारण पुढे येईलच.

आम्ही लोकलचे, मेट्रोचे आणि रेल्वेचे जुने नकाशे गोळा करतो. बहुतेक नकाशे रद्दीतून मिळतात. जुनं वेळापत्रक किलोवर विकत घ्यायचं आणि आत घडी घातलेला नकाशा शाबूत आहे का ते बघायचं. वेळापत्रक कुणी जपून ठेवत नाही, नवं आलं की जुनं चुलीत जातं. म्हणून तर ढिगानं छापलेली वस्तू पन्नास वर्षांत दुर्मीळ होते.

अशा नकाशावर बरेचदा साल छापलेलं नसतं, मग नावांवरून काळ ओळखावा लागतो. मुंबईच्या नकाशात चर्चगेटच्या पुढे कुलाबा स्टेशन दिसलं, तर तो 1930 पर्यंतचा, कारण त्या वर्षाच्या अखेरीस तो तुकडा बंद झाला. 'जी.आय.पी.' आणि 'बी.बी. अँड सी.आय.' ही नावं असतील तर नोव्हेंबर 1951 च्या आधीचा, कारण तेव्हा त्यांची मध्य आणि पश्चिम रेल्वे झाली. व्ही.टी. लिहिलेलं असेल तर साधारण 1996 च्या आधीचा, एल्फिन्स्टन रोड असेल तर 2018 च्या आधीचा. आमचा निम्मा वेळ या हेरगिरीत जातो, आणि खरं सांगायचं तर मजाही तिथंच आहे.

आता या नकाशांच्या घडणीकडे वळू. आज जगभर जो मेट्रोचा नकाशा दिसतो, त्याचं मूळ लंडनमध्ये आहे. हॅरी बेक हा तिथल्या भुयारी रेल्वेच्या कचेरीतला आरेखक. 1931 मध्ये त्यानं फावल्या वेळात एक आराखडा काढला. त्याचा विचार असा, की जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला वरचा रस्ता कुठं वळतो याच्याशी काय घेणं? त्याला एवढंच कळायला हवं, की कुठं बसायचं, कुठं बदलायचं आणि कुठं उतरायचं. म्हणून त्यानं सगळ्या रेषा सरळ केल्या. त्या आडव्या, उभ्या किंवा 45 अंशांत तिरक्या, दुसरं काही नाही. गजबजलेला मध्यभाग मोठा केला आणि लांबची उपनगरं जवळ ओढली. दिसायला विजेच्या जोडणीचं चित्र! जमिनीवरची ओळखीची खूण म्हणून फक्त थेम्स नदी ठेवली. वरिष्ठांनी आधी ते नाकारलं. 1933 च्या जानेवारीत खिशात मावेल असा छापून बघितला, आणि लोकांनी तो उचलून धरला.

पण हे सगळीकडे जमलं नाही. न्यूयॉर्कमध्ये 1972 साली मासिमो विन्येली यांनी असाच नकाशा केला. त्यात सेंट्रल पार्क जवळजवळ चौकोनी आणि करड्या रंगाचा झाला. लोक वैतागले, कारण स्टेशनातून वर आल्यावर पायी चालायचं असतं आणि तिथं तो नकाशा दगा देई. 1979 मध्ये तो मागे घेतला आणि भूगोल परत आणला. आणि गंमत बघा, 2025 मध्ये न्यूयॉर्क पुन्हा सरळ रेषांच्या नकाशाकडे वळलं.

मुंबईचं शहरच मुळात चिंचोळं आणि उत्तर-दक्षिण पसरलेलं, त्यामुळे तिथल्या रेषा सरळ करायला फार कष्ट पडत नाहीत. मुंबईकर मात्र नकाशा वाचतच नाही. त्याला स्लो-फास्ट पाठ असतं, डावी-उजवी बाजू पाठ असते. नकाशा लागतो तो आपल्यासारख्या बाहेरून आलेल्याला. आम्ही पहिल्यांदा दादरला उतरलो तेव्हा हातातल्या नकाशावर दादर म्हणून एकच टिपका होता. जमिनीवर निघाली दोन स्टेशनं आणि मधे माणसांनी भरलेला पूल. तेव्हापासून टिपक्यावर आमचा विश्वास नाही. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. मंदार राणे आणि विद्यार्थ्यांनी लोकलच्या नकाशाची नव्यानं आखणी केली, ती आम्हाला म्हणूनच महत्त्वाची वाटते. नवख्या माणसाचा विचार कुणीतरी बसून केला.

आता धाडकडे येऊ. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. धाड वऱ्हाडच्या कडेला राहिलं आणि पलीकडचं भोकरदन निजामाकडे. उत्तरेला इंग्रजांची ब्रॉडगेज मलकापूर, शेगाववरून जात 1867 मध्ये नागपूरला पोचली. कापसाच्या बाजारासाठी जलंब-खामगाव हा जेमतेम 13 किलोमीटरचा फाटाही 1870 मध्ये झाला. दक्षिणेला 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड-औरंगाबाद-जालना अशी गाडी सुरू झाली, पण ती मीटरगेज. एका रुळाची रुंदी 1.676 मीटर, दुसऱ्याची 1 मीटर. एकीचे डबे दुसरीवर चालणार नाहीत. आणि दोन्ही रुळांच्या मधे आपण.

जालना-खामगाव जोडा, ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. तो मार्गही आखला जातो तो देऊळगाव राजा, चिखलीच्या अंगानं. आमच्याकडच्या एका जुन्या नकाशात या दोन रेषांमधल्या कोऱ्या जागेत मैलांची मोजपट्टी छापली आहे. म्हणजे जिथं तुम्ही आत्ता बसलाय तिथं. छापणाऱ्याच्या लेखी ती जागा मोकळीच होती.

बेकनं नदी सोडून सगळं पुसलं तेव्हा कुणाचं नुकसान झालं नाही, कारण त्याच्या रेषांवर सगळ्यांची स्टेशनं होती. इथली गोष्ट निराळी. म्हणून आम्हाला स्टेशन नसलेल्या गावांतले रेल्वेचे कागद हवे आहेत. इथून माणसं एसटीनं जालन्याला, मलकापूरला गेली आणि तिथून गाडीनं मुंबईला, सुरतेला. त्यांच्या ट्रंकांमध्ये वेळापत्रकं असतील, पास असतील, मागे कुणी पेनानं रेघ मारून 'इथं उतर' असं लिहिलेलं असेल. आम्हाला कोऱ्या करकरीत प्रतीपेक्षा ती रेघ जास्त मोलाची.

सापडलं तर लॅमिनेशन करू नका. घडी उलगडून, सपाट करून, दोन कोऱ्या कागदांत ठेवा. आणि फाटलं असलं तरी सेलोटेप लावू नका. आम्ही एकदा लावली होती. वर्षभरात टेप पिवळी पडून सुटली, आणि काढताना ठाण्यापासून कल्याणपर्यंतची शाई तिच्याबरोबर निघून आली.